‘तिठा’चा दुसरा अल्बम

‘कुलूप’ बाहेर आला त्या दिवशी संध्याकाळपर्यंत अस्मिता मोर्येला बावीस फोन आले आणि त्यांतल्या एकानेही गाणी चांगली झालीत असं म्हटलं नाही. बहुतेकांना एवढंच विचारायचं होतं, की ह्यात नाचायचं गाणं कुठलं. नांदगावच्या क्रिकेट मंडळाच्या अध्यक्षाने आठही गाणी थोडी थोडी ऐकली आणि मग फोन लावला. “गो, फायनलाक ह्या लावला तर माणसां उठान घराक जातली,” तो म्हणाला, आणि ठरलेला कार्यक्रम त्याने फोनवरच रद्द करून टाकला.

‘तिठा’ हा तिघांचा बँड. तळेऱ्याला जिथून विजयदुर्गचा रस्ता फुटतो त्या तिठ्यावरच्या टपरीवर चहा पिताना ह्या तिघांचं पहिल्यांदा जमलं, म्हणून हे नाव. शौनक कणकवलीचा, आईवडील दोघंही शिक्षक. पुण्यात इंजिनिअर झाला, तिथेच गिटार शिकला आणि लॉकडाउनमध्ये घरी परतला तो अमेरिकेतल्या कंट्री-रॉकचं वेड डोक्यात घेऊन. सिद्धेश साळवंडे गावचा. लहानपणापासून भजनात पखवाज वाजवायचा, पंचविसाव्या वर्षी ड्रमवर बसला तरी हात पखवाजाचाच राहिला, आणि शौनकच्या मते बँडची खरी गंमत तीच होती. अस्मिताही साळवंड्याचीच. कणकवलीत एका क्लासमध्ये गणित शिकवायची, गाणी लिहायची आणि गायची. शौनकने तिला पहिल्यांदा ती अमेरिकन गाणी ऐकवली तेव्हा तिने विचारलं होतं, ह्यात हे लोक सांगतात तरी काय?

“ट्रक, पाऊस, शेत, दारू आणि सोडून गेलेली माणसं.”

“म्हणजे आमच्याकडचंच की सगळं,” ती म्हणाली होती.

त्यांचा पहिला अल्बम ‘येष्टी’. त्यातलं आंबोलीचा घाट चढणाऱ्या बसचं गाणं, ज्यात ड्रायव्हर टपरीवर भजी खायला उतरतो आणि कंडक्टर त्याला हाका मारत राहतो, ते दोन वर्षं जिल्ह्यातल्या प्रत्येक लग्नात वाजलं. गणपतीत वाजलं, क्रिकेटच्या मैदानांवर चौकार बसला की वाजलं. अस्मिताचे वडील हरिश्चंद्र मोर्ये जिल्हा परिषदेतून कारकून म्हणून निवृत्त झालेले, मोजून बोलणारे गृहस्थ. तेसुद्धा नव्या माणसाला ओळख देताना ‘येष्टीवाल्या अस्मिताचो बापूस’ असं सांगायला लागले होते.

दुसऱ्या अल्बमला सहा महिने लागले. नांदगाव स्टेशनजवळ सिद्धेशच्या वडिलांची, महादूंची, काजूची शेड होती. तिच्या मागच्या खोलीत टरफलांच्या वासात तिघं बसायचे. गाणी ह्या वेळी संथ निघत होती. एक मुंबईहून पेन्शन घेऊन आलेल्या आणि गावात कुणालाच ओळखत नसलेल्या माणसाचं होतं, एक आंब्याच्या कलमांवर औषध मारणाऱ्या बाईचं. शौनकने स्टील गिटार आणली होती, तिचा लांबत जाणारा सूर ह्या गाण्यांना शोभत होता. आणि शेवटचं गाणं होतं ‘कुलूप’.

साळवंड्याच्या सातेरी देवीच्या देवळाला अकरा वर्षं कुलूप होतं. खरं तर दोन कुलपं होती. गावात मोर्ये दोन, वरच्या वाडीतले आणि खालच्या वाडीतले. पाच पिढ्यांमागे एकाच घरातले. जत्रेत पालखीला पहिला खांदा कोणाचा, यावरून एका वर्षी देवळाच्या सभामंडपातच काठ्या चालल्या, दोघांची डोकी फुटली, दोन्हीकडून केसेस झाल्या. कोर्टाचा निकाल लागेपर्यंत देऊळ बंद ठेवायचं आणि दोन्ही वाड्यांनी आपापलं एक कुलूप लावायचं, असं बैठकीत ठरलं. दोन्ही चाव्या असल्याशिवाय दार उघडणार नाही. वरच्या वाडीची चावी हरिश्चंद्रांच्या कपाटात होती, खालच्या वाडीची महादूंकडे. निकाल काही लागला नाही. पोरांची पोरं शाळेत जायला लागली, त्यांना देवी कशी दिसते ठाऊक नव्हतं.

देवळासमोर यशोदा राहायची. हरिश्चंद्रांची सख्खी आत्या; तरुणपणी नवरा गेल्यावर माहेरी परतलेली. तिला सगळा गाव अक्का म्हणायचा. देऊळ बंद झालं तरी रोज सकाळी ती पायऱ्या झाडायची आणि दाराबाहेर दिवा लावायची. तीन वर्षांपूर्वी पौषात ती अंथरुणाला खिळली. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. तिने अस्मिताला जवळ बोलावलं आणि म्हणाली, “एकदा सातेरीचा तोंड बगतंय, मगे जातंय.”

अस्मिता वडिलांकडे गेली. ते म्हणाले, “तेंका आधी उघडूंदेत. मी मागसून उघडतंय.” ती खालच्या वाडीत महादूंकडे गेली. महादू म्हणाले, “तुझ्या बापाशीक सांग, पयला कुलूप तेनी काढूचा.” जो आधी उघडील त्याने दुसऱ्याचा मान कबूल केला असा अर्थ होईल, आणि उद्या कोर्टात ते निघेल, हे दोघांचंही म्हणणं. तीन दिवस ती दोन वाड्यांमध्ये फेऱ्या घालत होती. चौथ्या दिवशी सकाळी अक्का गेली.

गाणं अस्मिताने दोन वर्षांनी लिहिलं, आणि ते एका दुपारी सलग उतरलं.

*कुलपां दोन, चावये दोन,*
*दोनय कमराक, उघडतलो कोण?*
*म्हातारी पायरेर झाडू मारता,*
*भितर देवी वाट बगता.*

शेवटचं कडवं असं होतं:

*अक्का गेली, पायरी ऱ्हवली,*
*दोन घरांनी चावी लपयली.*

शौनकने ते कडवं वगळायला सांगितलं होतं. “गाणं सुंदर आहे. पण त्यात अक्का हे नाव आहे. गावाला कळायला दोन मिनिटं लागतील.”

“ते कडवं काढलं तर नुसतं देवळाचं गाणं उरतं,” अस्मिता म्हणाली. “मला देवळाचं गाणं करायचं नव्हतं.”

दोघांनी सिद्धेशकडे पाहिलं. दुसरी चावी त्याच्या घरात होती. तो बराच वेळ ड्रमची चामडी बोटाने दाबत राहिला, मग म्हणाला, “ऱ्हवांदे. खरा आसा ता.”

अल्बम आल्यावर पहिल्या दिवशीचे फोन नुसते नाराजीचे होते. तिसऱ्या दिवशी गाणं साळवंड्यात पोचलं. गावाच्या व्हॉट्सॲप गटावर कुणीतरी ते टाकलं आणि खाली लिहिलं, ‘आपल्याच लेकीन आपल्या गावाची अब्रू काढल्यान.’ त्याच्याखाली दुपारपर्यंत दोनशेच्या वर मेसेज पडले. काही खालच्या वाडीचे, काही वरच्या वाडीचे. एकाने लिहिलं होतं की प्रसिद्धीसाठी मेलेल्या बाईला विकलं. एकाने लिहिलं, मयताचीच गाणी म्हणायची होती तर भटाला बोलवायचं, बँड कशाला. अस्मिताचा क्लासमधला एक विद्यार्थीही त्या गटावर होता. तोही काहीबाही लिहून गेला होता.

संध्याकाळी ती गावी घरी आली तेव्हा वडील घरापुढच्या खळ्यात बसून सुपाऱ्या सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“शेवटच्या कडव्यात दोन घरां म्हटलंस. एक घर खंयचा?”

“तुमका म्हायत आसा, बाबा.”

“माका म्हायत आसा. गावाक म्हायत आसा. मुंबैच्या माणसाक म्हायत नव्हता, तेकापण आता कळला.” त्यांनी सोललेली सुपारी टोपलीत टाकली. “ती माझी आते होती. आवस माझी शेतार असायची, माका तिना वाढयलेला. तिच्या मयताक मी खांदो दिलंय. तू गाणा केलंस.”

अस्मिता उभीच होती. दिवसभर तिने वाचलेलं सगळं तिच्या अंगात साठलं होतं, आणि ज्याच्यावर ते काढायचं नव्हतं त्याच्यावरच निघालं.

“खांदो दिलात. चावी नाय दिलात.”

आई दाराशी आली होती, ती तिथेच थांबली. हरिश्चंद्रांनी विळा खाली ठेवला, हात पुसले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं, असं अस्मिताला नंतर अनेकदा वाटलं.

“ह्या घरात ता गाणा वाजूचा नाय,” ते म्हणाले. “आणि आजपासून तू माझ्याशी बोलू नको.”

ते उठून आत गेले. आईने पान वाढलं. अस्मिता एकटीच जेवली.

दुसऱ्या दिवशी महादूंनी शेडच्या मागच्या खोलीला टाळं ठोकलं. सिद्धेशचे ड्रम त्यांनी काजूच्या पोत्यांबरोबर बाहेर शेडच्या ओट्यावर काढून ठेवले होते. सिद्धेशने विचारलं तेव्हा ते म्हणाले, “वरच्या वाडीतल्या चेडवाच्या मागे बसान बापाशीच्या नावान ढोल बडयलंस. आता खंय बडवचो तो बडव.” सिद्धेशने टेम्पो बोलावला आणि सगळं सामान नांदगावातल्या एका मित्राच्या गॅरेजमध्ये नेऊन टाकलं. त्याने अस्मिताला हे दोन दिवसांनी सांगितलं, तेही तिने खोदून विचारलं म्हणून.

दहाव्या दिवशी मुंबईतल्या एका संगीतविषयक वेबसाइटवर परीक्षण आलं. पहिल्या अल्बमला ह्याच वेबसाइटने डोक्यावर घेतलं होतं. शौनकने तळेऱ्याच्या टपरीवर ते दोघांना मोठ्याने वाचून दाखवलं.

“‘पहिल्या अल्बममध्ये तिठाला चाकं होती. दुसऱ्यात ते रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून उसासे टाकत बसले आहेत. स्टील गिटार उसनी वाटते, चाल एकसुरी आहे. मालवणी बोली गोड, पण गावकीचं भांडण गावाबाहेरच्या माणसाने का ऐकावं, याचं उत्तर हा अल्बम देत नाही.’ पाचपैकी अडीच.” त्याने फोन टेबलावर उपडा ठेवला. “उसनी. सहा महिने मी ती गिटार घासली.”

“गोव्याच्या त्या रेडिओवाल्या बाईंनी चांगलं लिहिलंय,” अस्मिता म्हणाली. ते खरं होतं. पणजीच्या एका रेडिओ निवेदिकेने लिहिलं होतं, की गाडी चालवताना ‘कुलूप’ लागलं, तिने गाडी बाजूला घेतली आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.

“एक बाई,” शौनक म्हणाला. “एका बाईने गाडी थांबवली. आणि आपले सगळे कार्यक्रम रद्द. गणपतीपर्यंत एकही नाही. मी तुला सांगितलं होतं, ते एक कडवं काढ. एक कडवं काढलं असतंस तर निदान आपल्या माणसांनी तरी ऐकलं असतं.”

“आपली माणसं नाचायचं गाणं मागत होती. कडव्याचा काय संबंध?”

“संबंध हा, की तुला अल्बम करायचा नव्हता. तुला तुझ्या वडिलांना बोलायचं होतं. ते घरी बोलायचं असतं, अस्मिता. त्यासाठी मला आणि ह्याला कशाला वापरलंस?”

सिद्धेश म्हणाला, “माका कोणी वापरूक नाय.”

“तुला तक्रार करता येत नाही म्हणून तू करत नाहीस,” शौनक त्याच्यावर उलटला. “शेडमधून बाहेर काढलं तुला. घरात जेवायला तरी मिळतं का?”

सिद्धेशने उरलेला चहा टपरीबाहेर ओतला आणि मोटरसायकलला किक मारून निघून गेला. शौनकचं काही अगदीच चुकत नव्हतं आणि अस्मिताला ते समजत होतं. वडिलांना जे तीन दिवस पटवता आलं नाही तेच तिने तीनशे ठिकाणी ऐकवलं होतं. पण त्याच वेळी तिला हेही माहीत होतं, की गाणं चांगलं होतं आणि परीक्षण लिहिणाऱ्याने ते शेवटपर्यंत ऐकलंच नव्हतं. ह्या दोन्ही गोष्टी ती शौनकला एकत्र सांगू शकली नाही. ती म्हणाली, “तुला जायचं असेल तर जा.” आणि ते तिने फार कडवटपणे म्हटलं.

त्यानंतरच्या रविवारी साळवंड्याच्या शाळेच्या व्हरांड्यात गावाची सभा भरली. सरपंच गंगाराम, दोन्ही वाड्यांच्या बाहेरचा माणूस, त्याने ती बोलावली होती. अकरा वर्षांत वरची वाडी आणि खालची वाडी एका छपराखाली बसली नव्हती. लग्नाची निमंत्रणं बंद होती, एकमेकांच्या मयताला लोक लांबून उभे राहत. त्या सकाळी मात्र हरिश्चंद्र आणि महादू एकाच बाकावर बसले होते, मध्ये एका माणसाची जागा सोडून. विषय एकच होता. गाणं सगळीकडून काढावं, मुलीने गावाची माफी मागावी, नाहीतर दोन्ही वाड्यांनी मिळून तक्रार करावी. तक्रारीचा कागदही तयार होता. त्यावर दोन्ही वाड्यांच्या सह्या एकाखाली एक झाल्या होत्या.

अस्मिताला समोर उभं केलं. सिद्धेश आपणहून येऊन तिच्या बाजूला उभा राहिला. शौनक आला नव्हता.

पुष्कळ जण बोलले. एक म्हातारा म्हणाला, देवीचं नाव रस्त्यावर आणलं. मुंबईहून मुद्दाम आलेला एक जण म्हणाला, ऑफिसातले लोक त्याला हसून विचारतात, तुमच्या गावात काय चाललंय. एक बाई म्हणाली, “अक्काची तुका इतकी काळजी होती तर तिका दवाखान्यात ठेवची होती. गाणा कसला करतंस?” अस्मिता ऐकत राहिली. वडील समोरच्या भिंतीवरच्या नकाशाकडे बघत होते.

शेवटी गंगाराम म्हणाला, “अस्मिता, मी थोडक्यात विचारतंय. गाणा काढतंस काय नाय?”

“काढतंय,” ती म्हणाली.

व्हरांड्यात कुजबूज झाली. महादूंनी सुटल्यासारखा श्वास सोडला.

“आज काढतंय. माफी पण मागतंय, लिवन देतंय. पण बाबा हय आसत, महादूकाका हय आसत. अकरा वर्सांत पयल्यांदा दोगे एकत्र बसलेत. देवळ हयसून शंभर पावलार आसा. चावये हाडा आणि उघडा. दार उघडला की मी थयच फोनार गाणा पुसतंय, सगळ्यांसमोर.”

शाळेच्या मागे आंब्याच्या बागेत कुणीतरी माकडं हाकत होतं, तेवढंच ऐकू येत होतं. तिने पाहिलं की महादूंनी हरिश्चंद्रांकडे पाहिलं. अगदी क्षणभर. आणि हरिश्चंद्रांनी त्यांच्याकडे पाहिलं असतं तर काय झालं असतं कुणास ठाऊक. पण ते नकाशाकडेच बघत राहिले.

मग मागून कुणीतरी ओरडलं, “ह्या चेडू आता गावाक अटी घालतला?” आणि सगळे एकदम बोलू लागले. केस चालू असताना दार उघडलं तर कोर्टाचा अवमान, असं एक वरच्या वाडीचा सांगत होता. पयला कुलूप कोणी काढूचा ता आधी ठरवा, असं एक खालच्या वाडीचा म्हणाला, आणि त्यावरून व्हरांड्याच्या एका टोकाला धक्काबुक्की सुरू झाली. गंगाराम मध्ये पडला. तक्रारीचा कागद कुणाच्या तरी पायाखाली फाटला. महादू उठले, सिद्धेशजवळ येऊन थांबले, आणि “घराक येव नको,” एवढं म्हणून गेले.

हरिश्चंद्र सगळ्यांत शेवटी उठले. मुलीच्या समोरून जाताना त्यांनी वाट थोडी वाकडी केली, जसं रस्त्यात चिखल असला की माणूस करतो.

अस्मिताने गाणं काढलं नाही. तक्रारही झाली नाही, कारण पुन्हा सह्या घ्यायला दोन्ही वाड्या एकत्र आल्या नाहीत.

शौनक गणपतीच्या आधी वेगळा झाला. कणकवलीची दिव्या नावाची एक मुलगी छान गायची, तिला घेऊन त्याने ‘येष्टी’ची गाणी पुन्हा बसवली. नाव ‘तिठा’च ठेवू का, असं त्याने फोनवर विचारलं. अस्मिता म्हणाली, “ठेव, तूच शोधलेलं नाव ते.” त्याला बहुतेक नकाराची अपेक्षा होती. तो म्हणाला, “गाण्यांमध्ये वाईट काही नव्हतं, अस्मिता. पण मला लोकांनी असं बघितलेलं सहन होत नाही.” ती म्हणाली तिलाही होत नाही.

ती आणि सिद्धेश दोघंच वाजवायला लागले. तिची साधी गिटार, त्याचा पखवाज. ड्रम त्याने बाजूला ठेवले. पणजीला त्या रेडिओवाल्या बाईंनी एका लहान सभागृहात कार्यक्रम ठेवला, साठेक माणसं आली आणि शेवटच्या गाण्यानंतर खूप टाळ्या पडल्या. सावंतवाडीत मात्र तिसऱ्याच गाण्याला एक गृहस्थ उठले आणि “ह्याक संगीत म्हणतत?” असं मोठ्याने विचारून खुर्ची सरकवत निघून गेले. त्यांच्यामागून आणखी दहाबारा जण गेले. वर्षभरात ‘कुलूप’ ‘येष्टी’च्या एक दशांशही कुणी ऐकला नाही. एक चमत्कारिक गोष्ट मात्र झाली. जिल्ह्यातल्या चार वेगवेगळ्या गावांतून अस्मिताला रागाचे मेसेज आले, की आमच्या देवळाबद्दल गाणं करायचा तुला अधिकार काय. त्यांतली दोन गावं तिने नकाशावर शोधून काढली. ती तिथे कधी गेलीच नव्हती.

घरी वडील बोलत नव्हते. सणावाराला ती जायची, आई मध्ये निरोप पोचवायची. ‘तेंका सांग चाय थंड झाली,’ ‘तिका सांग स्कूटरचो टायर बग.’ असं चौदा महिने चाललं.

माघात एका दुपारी आई शेजारी हळदीकुंकवाला गेली होती. अस्मिता मागल्या पडवीत कपडे घडी करत होती. हरिश्चंद्र आले आणि तिथल्या जुन्या खाटेवर बसले. तिने मान वर केली नाही, कारण हल्ली तेही करायचे नाहीत.

“अक्का गेली त्येच्या आदल्या दिवशी मी देवळाकडे गेलेलंय,” ते म्हणाले.

तिचे हात थांबले.

“तिनसांजेक. थय कोण नव्हता. मी माझा कुलूप काढलंय. हातात घेवन पायरेर बसलंय. महादूचा घर थयसून दिसता. तोव खळ्यात बसललो. तेनापण माका बगल्यान.” ते थांबले. “तीस-चाळीस पावलां. हाक मारलंय असतंय तरी इलो असतो. कदाचित वाट बगी होतो.”

“मगे?”

“मगे काय. दिवो लावची वेळ झाली. मी कुलूप परत लावलंय आणि घराक इलंय.”

चौदा महिने तिने मनातल्या मनात ह्या माणसाशी भांडण केलं होतं आणि त्या भांडणातले वडील इतके सोपे होते. चावी कपाटात, दार बंद, संपलं. हातात उघडलेलं कुलूप घेऊन पायरीवर बसलेला माणूस त्यात कुठेच नव्हता. आणि त्यामुळे अक्काचं मरण कमी वाईट ठरत नव्हतं. उलट जास्तच.

“कोणाक सांगितलात ह्या?”

“तुका सांगतंय.” ते उठले. “गाण्यात घालू नको.”

“नाय घालूचंय.”

“आणि ता गाणा माका अजून आवडणा नाय.”

“ठीक आसा.”

ते दारापर्यंत गेले, तिथून वळून न बघताच म्हणाले, “उद्या कोर्टाची तारीख आसा. सकाळची येष्टी चुकली तर माका स्कूटरीन तिठ्यापर्यंत सोड.”

बस चुकली नाही. ते नेहमीसारखे इस्त्रीचा सदरा घालून, कागदांची पिशवी काखेत धरून सकाळी गेले आणि संध्याकाळी परत आले. आईने विचारलं तेव्हा म्हणाले, पुढची तारीख मिळाली, जूनमधली. महादूही तिथे होते. ते वेगळ्या बाकावर बसले होते.